हंसीणबाईंचा आवाज

"पाच माणसं झाल्याशिवाय खेळ लागत नाही, आजी," थिएटरच्या खिडकीतला माणूस म्हणाला.

"आजी तुझ्या घरी. झाली किती?"

"तुम्ही, हे दाढीवाले साहेब, ते गृहस्थ आणि त्यांची मुलगी. चार. त्यांच्या कडेवरचं बाळ धरत नाहीत."

"का? त्याला डोळे नाहीत? बरं, पडद्यावर सात जनावरं आहेत, त्यातलं एखादं धर."

माणूस हसला, पण तिकिटं काही त्याने फाडली नाहीत. फौजदारिणीने खिडकीतून आत नजर टाकली.

"तू कुणाची वाट बघत बसलायस रे? रविवारी सकाळी साडेनऊला या पडेल सिनेमाला रांग लागणार आहे का? ये बाहेर. पाचवा तू. आणि बाहीवरचा चहा आजच्या आज धू. उद्या तो डाग तुझ्या बापाच्यानेही निघायचा नाही."

माणसाने बाही उलटी करून बघितली आणि निमूटपणे किल्ल्या उचलल्या. दाढीवाला खाली मान घालून हसला. तो तिच्या धाकट्या मुलाचा मित्र, स्टुडिओत आवाज मुद्रित करणारा. या बाईसमोर त्याने उभ्या आयुष्यात सहा दुपारी काढल्या होत्या, पण तेवढ्या पुरल्या होत्या.

फौजदारीण हे काही तिचं नाव नव्हे, आणि नवराही फौजदार नव्हता. नवरा म्हणजे गरीब गाय. दोन मुलं आणि एक इस्त्री मागे ठेवून लवकर गेला. त्या इस्त्रीवर तिने कोपऱ्यावरची लाँड्री उभी केली आणि चौतीस वर्षं चालवली. शाळा तिसरीपर्यंत. कागद वाचायचा तर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची. पण कपडा समोर पडला की बाईला चष्मासुद्धा लागत नसे. कोण कुठे बसला, काय सांडलं, कुणाशी भांडला, कुणाला मिठी मारली, सगळं तिला कपडा सांगायचा. आणि तिला कळलं की ते तोंडातून बाहेर पडायचंच. बँकेतल्या साहेबांच्या पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर गवताचे हिरवे डाग बघून ती भर दुकानात म्हणाली होती, "बागेत कुणाची माफी मागत होतात साहेब?" साहेबांनी सहा महिने दुसरीकडे कपडे टाकले. मग आले परत. दुसरीकडे कॉलर नीट बसत नव्हती.

थोरली मुलगी आईवर गेली. धाकटा गेला बापावर. चार माणसांत बोलायचं म्हटलं की त्याच्या तोंडाला कुलूप. पण हातात पेन्सिल दिली की झालं. लाँड्रीच्या पावत्यांच्या मागे त्याने काढलेली मांजरं, कुत्री, कावळे गिऱ्हाइकांबरोबर घरोघर जायचे. "कपडे एक दिवस उशिरा चालतील, पण पावतीवर कावळा पाहिजे," असं म्हणणारी गिऱ्हाइकं होती. मोठा होऊन तो चित्रपटासाठी चित्रं काढणाऱ्या एका लहानशा स्टुडिओत लागला. चित्रामागून चित्र काढायचं आणि ती सगळी भराभर पळवली की जनावर चालायला लागतं. फौजदारिणीला हे काम कधी नीट कळलं नाही. "एक पाऊल टाकायला बारा चित्रं? त्यापेक्षा खरं बदक पकडून आण आणि चालव," ती म्हणायची.

एक दिवस तो दुकानात आला आणि काउंटरवर बोटं आपटत उभा राहिला. काहीतरी मागायचं असलं की त्याची ही खोड.

"बोल. काय पाहिजे?"

"सहा दुपारी दे मला. दुकान बंद असतं तेव्हा. तुझा आवाज पाहिजे."

"माझा? इथे लोक माझा आवाज बंद करायला नवस बोलतात."

"आमच्या सिनेमात एक हंसीणबाई आहेत. तळ्याकाठी लाँड्री चालवतात. कपड्यावरचे डाग बघून चोर पकडतात. हाताखाली एक खार आणि एक साळिंदर. साळिंदर सगळं लिहून घेतं, स्वतःच्याच अंगातला काटा उपटून."

फौजदारीण त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे मला बदक केलंस?"

"बदक नाही गं, हंसीण."

"पाण्यात पोहतं आणि कॅक कॅक करतं ना? मग बदकच ते."

पण गेली. सहाही दुपारी धुवट साडी नेसून गेली, जणू लग्नालाच चालली आहे. तिथे एका बंद खोलीत समोर माईक, काचेमागे हा दाढीवाला, आणि तिच्या समोर स्टुलावर धाकटा. तिला भरभर वाचता येत नाही हे त्याने कुणाला कळू दिलं नाही. तो ओळ सांगायचा, ती म्हणायची. म्हणजे तिला वाटेल तशी म्हणायची. कागदावर होतं, 'गुन्हेगार इथेच आहे.' ती म्हणाली, "चोरटा मेला इथेच आहे कुठेतरी!" आणि तो खूश होऊन म्हणाला, "हेच. हेच पाहिजे मला."

"आधी आवाज, मग चित्र," त्याने तिला समजावून सांगितलं होतं. "तू जशी बोलशील तशी हंसीण चोच उघडणार."

पुढे अडीच वर्षं तो चित्रं काढत होता आणि ती गावभर सांगत होती. दुधवाला, शिंपीण, बँकेतले साहेब, कुणाला म्हणून सोडलं नाही. सिनेमा लागला त्या दिवशी तिने पंधरा गिऱ्हाइकं गोळा करून नेली आणि पहिल्या रांगेत, मान वर करून बसली.

पडद्यावर तळं आलं. दोरीवर वाळत घातलेले कपडे आले. कपड्यांमागून हंसीणबाई झुलत झुलत पुढे आल्या, कमरेवर पंख ठेवून उभ्या राहिल्या आणि त्यांनी चोच उघडली. त्या चोचीतून आवाज निघाला तो एका नामांकित नटीचा. मधात बुडवून काढलेला, तिशीतला, लाडिक आवाज.

"फौजदारीणबाई," मागून दुधवाला म्हणाला, "घसा बसला का हो तुमचा?"

सगळी रांग हसली. आणि फौजदारीण उठली.

धाकटा जिन्यापर्यंत तिच्यामागे धावत आला. "आई, ऐक. ऐनवेळी वरच्यांनी बदललं. मोठं नाव पाहिजे म्हणाले. मी तुला सांगणार होतो."

"कधी? मी मेल्यावर?"

"तू बस तरी. सगळा बघ. मग तुला कळेल."

"मला काय कळायचं ते पंधरा माणसांदेखत कळलं. माझं तोंड नको होतं तर उघडायला कशाला लावलंस? आता या तोंडातून तुझ्यासाठी शब्द निघायचा नाही."

असं लोक रागात बोलतात आणि चार दिवसांनी विसरतात. फौजदारीण विसरणाऱ्यातली नव्हती. शब्दाची पक्की म्हणून ती सगळीकडे मिरवायची, आणि इथेही पक्की राहिली. सिनेमा आठवड्याभरात उतरला. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, त्याही नटीबद्दल. हे तिच्या कानावर आलं तेव्हा ती इस्त्री फिरवत म्हणाली, "बरं झालं." म्हणाली, आणि त्या दिवशी तिच्या हातून एक पांढरा सदरा जळाला.

धाकटा मात्र दर पंधरा दिवसांनी यायचा. वेगळा राहत होता, त्याच्या घराखालीच एक लाँड्री होती, तरी कपड्यांची पिशवी घेऊन इतक्या लांब यायचा. "आई, कपडे," म्हणायचा. ती पिशवी ओढून घ्यायची, चिठ्ठी टाचायची. तो काउंटरवर बोटं वाजवत थोडा वेळ उभा राहायचा आणि जायचा. "तुम्ही दोघं मुके आणि मी मधली टपालवाली," थोरली चिडून म्हणायची.

पण पिशवी तर ती स्वतःच उघडायची. आणि कपडे काही मुके नव्हते.

पहिल्या वर्षी शाईचे डाग कमी झाले. म्हणजे काम कमी झालं. मग पँटच्या कमरेला, पट्ट्याखाली, चुण्या पडू लागल्या. आधी दोन, मग चार. मग सदऱ्याच्या बाहीत आतून, कोपरापाशी, चिकटपट्टीचा डिंक. रक्त काढल्यावर लावतात तसली पट्टी. एकदा नाही, तीन सदऱ्यांना. मग छातीवर औषधाचा गुलाबी ओघळ. दुसऱ्या कुणाचा सदरा असता तर तिने भर दुकानात विचारलं असतं, "काय रे, डॉक्टर काय म्हणतो?" हा सदरा तिने धुतला. डिंक रॉकेलने काढला, ओघळ लिंबाने काढला, कडक इस्त्री केली आणि घडी घालून पिशवीत ठेवला. त्याला तोंड नाही का? त्याने सांगावं. आईनेच का पहिलं बोलायचं? पुढच्या खेपेला बोलेल, असं ती प्रत्येक खेपेला म्हणायची.

मग एका पंधरवड्याला पिशवी आलीच नाही.

ती दवाखान्यात पोचली तेव्हा त्याच्या घशात नळी होती. तिने शब्द मोडला. दोन दिवस ती बोलत राहिली, कपड्यांचं, गिऱ्हाइकांचं, थोरलीच्या मुलांचं, काहीबाही. तो डोळे मिटून होता. ऐकू जात असेल म्हणून नर्स म्हणाली. नर्सेस असं म्हणतात.

तो गेला त्याला आता वर्ष होऊन गेलं होतं. आणि गेल्या आठवड्यात या दाढीवाल्याचा फोन आला. त्यांचा स्टुडिओ बंद होत होता. एका जुन्या थिएटरात सुट्टीच्या सकाळी पडलेले सिनेमे लावतात, त्यात हा शेवटचा लागणार होता. "एकदा बघा, काकू. सगळा. मग माझ्या खोलीवर या, तुम्हाला काही ऐकवायचंय."

थोरली म्हणाली, "कशाला जातेस? त्रास करून घेशील." पण फौजदारिणीला वर्षभर एकच गोष्ट कुरतडत होती. पोराने आपल्याला फेकून दिलं होतं की नाही? फेकलं असेल तर आपला राग खरा. दोन वर्षांचं न बोलणंही मग निदान कशापायी तरी होतं. आणि फेकलं नसेल तर? त्यापुढचा विचार ती करत नव्हती. साडी नेसली आणि निघाली.

आता दिवे गेले. तिकीटवाला मागच्या खुर्चीत बसताक्षणी घोरायला लागला. तळं आलं, दोरी आली, हंसीणबाई आल्या. नटीचा लाडिक आवाज निघाला तेव्हा फौजदारिणीने खुर्चीचा हात घट्ट धरला, पण उठली नाही.

आणि थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की आवाज चोचीच्या मागे धावतो आहे.

नटी वाक्य सावकाश, घोळवत बोलायला जायची. चोच तोवर मिटलेली. मग तिला धाप लागल्यासारखं उरलेलं वाक्य पटकन संपवावं लागायचं. माप एकीचं घेतलं आणि कपडा दुसरीने घातला की काखेत जसा ओढला जातो, तसं. माप कुणाचं होतं हे कुणी सांगायची गरज नव्हती. ती मान झटकणं, ते वाक्याच्या मध्येच नाकाने श्वास ओढणं, 'हं' म्हणून कपडा उजेडाकडे धरणं. हंसीण सदऱ्याची कॉलर चोळायची ती आधी डावीकडून. जगात कोण धोबीण डावीकडून सुरू करते? डावऱ्या हाताची. फौजदारीण डावरी होती, आणि हे तिने माईकसमोर कधीच केलं नव्हतं. हे त्याने दुकानात बसून, लहानपणापासून बघितलेलं होतं.

तळ्यातल्या बेडकाची पितळी घंटा कुणी चोरली, याचा तो तपास होता. चोर निघाली बेडकाची सख्खी बहीण; घंटेच्या आवाजाने तिचं आजारी पिल्लू झोपत नव्हतं म्हणून. मुलगी बापाला मोठ्याने म्हणाली, "मग तिने सांगितलं का नाही?" बाप म्हणाला, "श्श."

चोर सापडला, सगळी घरी गेली. हंसीण कपडे दोरीवरून काढत होती. साळिंदर पायरीवर वही घेऊन बसलं होतं. सबंध सिनेमाभर काटे उपटून उपटून त्याच्या पाठीवर आता मोजके काटे उरले होते. संगीत बारीक झालं. हंसीण त्याच्याकडे वळली आणि तिने चोच उघडली. आवाज आला नाही. नटीचा नाही, कुणाचाच नाही. चोच नुसती हलली, दोन वेळा. पहिल्यांदा थोडीशी, दुसऱ्यांदा जरा मोठी.

फौजदारीण खुर्चीत पुढे सरकली. ते काय होतं हे तिला कळलं. 'जेवलास का? खरं सांग.'

मग हंसीण तशीच उभी राहिली. मान एका बाजूला कलती, पंखात अर्धी घडी घातलेला कपडा. थांबली. वारा आला, कपडा हलला, ती हलली नाही. शेवटी साळिंदराने वर बघितलं आणि मान हलवली. नाही म्हणून. हंसिणीने त्याला पंखाखाली घेतलं आणि दोघं आत गेली.

दिवे लागले. तिकीटवाल्याला उठवावं लागलं.

दाढीवाल्याची खोली जवळच होती. सामान बांधून झालेलं, एक यंत्र तेवढं टेबलावर. फौजदारीण स्टुलावर बसली.

"ते मध्ये बिनआवाजाचं होतं," ती म्हणाली. "ते माझं होतं ना?"

"तुमचंच. कागदावर ती ओळ नव्हतीच. तुम्ही मध्येच त्याला विचारलं होतं. त्याने त्याचं चित्र केलं. नटीला तिथे बोलायला काही लिहिलेलंच नव्हतं. वरचे म्हणाले, मग हे कापून टाका. आवाज बदलला तेव्हा तो आठ दिवस भांडला होता, आणि हरला. पण हे काही त्याने कापू दिलं नाही. एवढ्या एका जागी दुसरीचा आवाज येणार नाही म्हणाला. आई बघेल तेव्हा तिला कळेल म्हणाला."

"गाढव होता," फौजदारीण म्हणाली. "सरळ तोंडाने सांगता येत नव्हतं?"

दाढीवाल्याने यंत्र पुढे ओढलं. तिच्या कानांवर त्याने मोठे, मऊ हेडफोन बसवले. "काकू, ही मूळ फीत आहे. त्याचाही आवाज आहे हिच्यात. लावू?"

"लाव."

खरखर झाली. मग तिचा आवाज, पाचसहा वर्षांपूर्वीचा, ठणठणीत. 'हा डाग चिखलाचा नव्हे, हा तळ्यातल्या शेवाळाचा!' मग कागदाचा आवाज. मग धाकटा, इतका जवळ की तिने मान वळवली. 'छान. आता पुढची ओळ, आई...' आणि लगेच तीच, त्याला तोडून: 'सदरा किती ढिला झालाय रे तुझा. जेवलास का? खरं सांग.'

'आई, मी—'

'बरं राहू दे, सांग पुढचं. मला चारला दुकान उघडायचंय.'

मग पुन्हा कागद. मग पुढची ओळ.

"मागे घे," ती म्हणाली. त्याने मागे घेतलं. तिने पुन्हा ऐकलं. 'आई, मी' आणि 'बरं राहू दे' यांच्यामध्ये एक श्वाससुद्धा मावत नव्हता. तिला आठवत होतं ते असं नव्हतं. ती स्वतःला सांगत आली होती की मी विचारलं होतं, मी काही अगदीच दगड नव्हते, त्याचा सदरा आधीच ढिला होता आणि मी विचारलं होतं.

तिने हेडफोन काढले आणि मांडीवर धरले.

"ती थांबते ना, सिनेमात. किती वेळ?"

"चार सेकंद."

"चित्रं किती लागली?"

"शहाण्णव. तशी दोनचार चित्रं काढून तीच धरून ठेवता येतात. नुसतं उभंच तर राहायचंय. त्याने प्रत्येक वेगळं काढलं. नऊ दिवस लागले. मी म्हटलं, अरे, ती नुसती थांबलीय. तर म्हणाला, थांबणंच अवघड असतं."

फौजदारीण हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिली. दाढीवाला उगाच एका खोक्याची दोरी सोडून पुन्हा बांधायला लागला.

"मी सगळ्यांना सांगत होते," शेवटी ती म्हणाली, "की ती हंसीण म्हणजे मी. आवाज काढून घेतला म्हणून दोन वर्षं त्याच्याशी अबोला धरला. आवाज माझा होता, चाल माझी होती, हातसुद्धा डावरा माझा. पण ते थांबणं माझं नाही रे. मी नव्हते थांबले. ते त्याने स्वतःच्या पदरचं घातलंय."

"काकू, असं नका..."

"गप्प बस. मला डाग कळतात."

तिने पदराने हेडफोन पुसले, कानाला लागले होते तिथे, नीट, आतून बाहेर, आणि टेबलावर ठेवले. फीत पाहिजे का, घरी ऐकता येईल अशी करून देतो, असं त्याने विचारलं. तिने नको म्हणून मान हलवली. मग दारापर्यंत गेली आणि परत आली.

"त्याचं तेवढं देता येईल का? 'आई, मी' एवढंच. माझं सगळं कापून."

"देता येईल," तो म्हणाला. "पण दोन शब्दच आहेत, काकू."

"मला माहीत आहे किती आहेत," फौजदारीण म्हणाली आणि स्टुलावर बसली. "काप तू. मी बसते."